जेवलात का, याचं खरं उत्तर

आमच्या आईला चिनी येतं, असं माझ्या मुली लोकांना सांगतात. ते खरं नाही. मला चिनी भाषेतलं फक्त दारातलं बोलणं येतं. लिफ्टमध्ये, कॉरिडॉरमध्ये, कपडे धुवायच्या खोलीत माणसं जाता जाता एकमेकांकडे जे अर्धं वाक्य टाकतात आणि न थांबता पुढे जातात, तेवढंच. चिनीत मी साधी पावतीसुद्धा वाचू शकत नाही. पण ते दारातलं बोलणं मात्र पक्कं आहे, कारण ते मी उत्तर चीनमधल्या एका बाईकडून तिच्या तोंडाकडे बघत शिकले. अजूनही दुकानात एखाद्या चिनी म्हातारीला मी सहज काही म्हटलं की ती दचकून आधी माझ्या मागे बघते. ते आपल्याच गावचं माणूस बोललं असावं असं तिला वाटतं, आणि समोर बघते तर मी.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, जर्सी सिटीत राहत होतो. आता तिथे नदीकाठी काचेच्या उंच इमारती आहेत, तशी आमची इमारत नव्हती. विटांची, जुनी, स्टेशनापासून चालत जाण्याइतकी जवळ. सकाळी बाबांसारखी शेकडो माणसं खाली मान घालून स्टेशनाकडे निघायची आणि संध्याकाळी तशीच परतायची. थंडीत हीटर आधी शीळ घालायचा, मग आतून कुणीतरी हातोडी मारल्यासारखा ठोकायचा. आईनं फोडणी टाकली की धुराचा अलार्म बोंबलायचा. मग मी स्टुलावर चढून त्याला वर्तमानपत्रानं वारा घालायचे आणि आई खालून म्हणायची, "बाप्पा, या देशात मिरची चालत नाही की काय!" मिरची भिवापुरी होती, मामानं नागपूरहून पाठवलेली, आणि आई ती पुरवून पुरवून वापरायची. नागपुरात ती मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. घरात मात्र तिची भाषा माहेरची, ‘करून राहिली’ आणि ‘काहून’ची. बाहेर, विशेषतः पुण्या-मुंबईच्या बायकांसमोर, ती वर्गातली मराठी काढायची, इस्त्रीची साडी काढावी तशी.

इथली ‘हाऊ आर यू’ची रीत आईला शेवटपर्यंत पचली नाही. सुरुवातीला ती प्रामाणिकपणे उत्तर द्यायची. लिफ्टमध्ये एका माणसानं विचारलं तर तिनं जुळवून जुळवून इंग्रजीत सांगायला घेतलं की सकाळपासून गुडघा दुखतोय. तो तिसऱ्या मजल्यावर उतरला आणि दार तिच्या ‘सकाळपासून’वर बंद झालं. घरी येऊन ती हसली खरी, पण नंतर बराच वेळ म्हणत होती, "ऐकायचंच नव्हतं तर विचारलं काहून?"

समोरच्या दारात सुन आयी राहायची. सुन हे आडनाव. आयी म्हणजे मावशी, आईच्या वयाच्या बाईला चिनी लोक अशीच हाक मारतात. आईला हे कळलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. "आडनाव सून अन् हाक आई! एकाच बाईत सासू-सून दोन्ही." सुन आयी तिच्या मुलाकडे राहायची. मुलगा मॅनहॅटनमध्ये बँकेत. तो सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा आणि दिवसभर ही बाई एकटी. इंग्रजी शून्य. मला शाळेत दुसरी भाषा म्हणून चिनी होती, तीही स्पॅनिशच्या वर्गात जागा उरली नाही म्हणून. पहिल्या महिन्यात आम्हाला ‘नी हाओ’ शिकवलं. मी ते सुन आयीवर टाकलं तर ती खो खो हसली. मला वाटलं उच्चार चुकला. उच्चार ठीक होता. पुढे कळलं की रोजच्या भेटीतल्या माणसाला तिच्या भागात कुणी असं ‘नी हाओ’ म्हणत नाही. ते परक्याला, पाहुण्याला, टीव्हीतल्या माणसाला. शेजारणीला ‘नी हाओ’ म्हणणं म्हणजे सख्ख्या बहिणीला ‘सप्रेम नमस्कार’ म्हणण्यासारखं.

मग शेजारणीला काय म्हणायचं? तर समोर जे दिसतंय तेच म्हणायचं, प्रश्नासारखं. मी दप्तर घेऊन निघाले की सुन आयी म्हणायची, "शाळेत का?" परत आले की, "आलीस होय?" बाबा संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर पडले की, "ऑफिस सुटलं?" कुठेतरी निघालेल्या माणसाला ‘कुठे?’ विचारायचं, आणि त्यानं ‘बाहेर’ एवढंच म्हणायचं. कुठे बाहेर, ते विचारणाऱ्यालाही नको असतं. काय चाललंय म्हटलं तर ‘मा-मा-हू-हू’, शब्दशः घोडा-घोडा वाघ-वाघ, म्हणजे आपलं ‘चाललंय’. कुणी कौतुक केलं तर ‘नाली, नाली’, म्हणजे ‘कुठं, कुठं’. आई म्हणाली, हे तर आपलं ‘कुठलं काय हो!’ आणि या सगळ्यांत पहिलं म्हणजे ‘छर् ला मा?’ जेवलात का? जेवणाच्या वेळेच्या आसपास कुणीही भेटो, हेच.

आईला आधी ते खरं वाटलं. ही बाई दिवसभर एकटी असते, रोज जेवणाचं विचारते, म्हणजे हिच्याच घरी काही नसावं, असं तिनं ठरवलं आणि दोन भाकरी आणि झुणका झाकून नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी भांड्यात वाफवलेले पाव परत आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात ‘छर् ला मा?’ आई मला नावानं हाक मारून म्हणाली, "मित्रा, आता काय करू? पुन्हा झुणका देऊ?" मी वर्गात बाईंना विचारून आले आणि आईला समजावलं की हा प्रश्न नाही, हा नमस्कार आहे. उत्तर ठरलेलं आहे. जेवली असलीस तरी आणि नसलीस तरी म्हणायचं, ‘छर् ला. नी न?’ जेवले, तुम्ही? तीही म्हणणार जेवले, आणि दोघी आपापल्या वाटेनं. आईनं ते दोनदा घोकलं आणि खूश झाली. "हे बरं आहे. आपल्याकडंही बाजाराची पिशवी हातात दिसून राहिली तरी विचारतात, काय, बाजार का? माणूस दिसला हे सांगायचं असते फक्त." त्या दिवसापासून त्या दोघींचं ते रोजचं सुरू झालं. वॉशिंग मशीनसमोर, टपालाच्या पेट्यांजवळ, कचरा टाकायला जाताना. एकीची मराठी वळणाची चिनी, दुसरीची चिनी वळणाची ‘आलीस होय?’, कारण आईनं तिलाही तेवढं मराठी शिकवलं होतं.

मी हे इतकं सविस्तर लिहितेय, कारण त्याच काळात मला आणखी एका प्रकारचे दारातले प्रश्न भेटत होते, आणि ते माझ्याच भाषेतले होते.

आमच्या आणि शेजारच्या इमारतीत मिळून मराठी घरं बरीच होती. महिन्यातून एकदा सगळे जमायचे, आणि दिवाळीला तर तळमजल्यावरची मोठी खोली भाड्यानं घ्यायचे. या सगळ्याच्या मध्यभागी शुभदाकाकू. हसऱ्या, कामाला वाघ, आलेल्या नव्या माणसाला घर शोधून देणाऱ्या, दवाखान्यात सोबत जाणाऱ्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या काही दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी पहिल्याच दिवशी आईला विचारलं, "तुम्ही कुठले?"

"नागपूरचे."

"नागपुरात कुठे?"

आईनं वस्तीचं नाव सांगितलं नाही, जवळच्या चौकाचं सांगितलं. ते बाबांनी शिकवून ठेवलेलं होतं.

"हो का! आणि आडनाव?"

"वानखेडे."

"वानखेडे... कुठले वानखेडे?"

याचं उत्तर बाबांनी दिलं. "मूळ वर्ध्याकडचे, हो. आता काय, कुणीच नाही तिकडे." आणि लगेच ट्रेन किती लेट होती यावर बोलणं नेलं. वानखेडे हे आडनाव आमच्याकडे सगळ्यांत असतं, त्यावरून काही कळत नाही. म्हणूनच तो दुसरा ‘कुठले’ विचारावा लागतो. सुन आयीच्या ‘कुठे?’ला ‘बाहेर’ पुरत होतं. इथे ‘बाहेर’ म्हटलं की पुढची पायरी यायची, आणि शेवटच्या पायरीवर काय आहे ते विचारणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. तोवर सगळे हसत होते. मला वाटतं जगात इतक्या गोड आवाजात चौकशी दुसऱ्या कुठल्या भाषेत होत नसेल.

आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्यावर बाबासाहेबांचा फोटो. कुणी मराठी माणूस येणार असलं की बाबा फोटो काढून बेडरूमच्या कपाटात ठेवायचे. मूर्ती राहू द्यायचे. "बुद्ध चालतो," ते म्हणायचे, "अमेरिकेत सगळ्यांच्याच घरी असतो. शोभेला." पाहुणे गेल्यावर फोटो जागेवर लावताना आई तो पदरानं पुसायची, धूळ नसली तरी. बाबांचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही, किंवा वेगळं वाटतं. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलात त्यांच्या दारावर कुणीतरी काय लिहून ठेवायचं ते त्यांनी मला खूप उशिरा सांगितलं. त्यांना या देशात एवढंच हवं होतं की कुणी काही विचारू नये.

आईची सांबारवडी मात्र मराठी मंडळींत गाजली. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. बेसनाच्या पातळ पारीत कोथिंबीर, खसखस, खोबरं, तिखट भरून तळलेली. पहिल्या दिवाळीला बायका नावावरून हसल्या, "सांबारची वडी? इडलीबरोबर खायची का?" आणि मग डबा चाटूनपुसून रिकामा केला. शुभदाकाकू तर आठवड्यानं घरी येऊन म्हणाल्या, "वहिनी, उरली असेल तर द्या ना थोडी, ह्यांना फार आवडली."

पुढच्या दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. आई, बाबा आणि मी लिफ्टमध्ये होतो. शुभदाकाकूही होत्या, हातात भाजीच्या पिशव्या. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि एक तरुण मुलगी आत आली. पाठीवर बॅग, गळ्यात ऑफिसचं कार्ड. तिनं आईकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. दोन्ही हात जोडून ती जवळजवळ ओरडलीच, "जय भीम, मॅडम! मी प्रज्ञा! नववी ब!"

आईची शाळेतली विद्यार्थिनी. नोकरीसाठी नुकतीच आलेली, मैत्रिणीकडे उतरलेली. बाबा दारावरच्या मजल्यांच्या आकड्यांकडे बघत होते. शुभदाकाकू पिशवीतल्या कोथिंबिरीकडे. मी आईकडे. आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जय भीम, बाळा. कधी आलीस? किती मोठी झालीस!" वर्गातल्या मराठीत नव्हे, घरातल्या आवाजात.

शुभदाकाकूंचा मजला आला. उतरताना त्या हसून म्हणाल्या, "चला, येते हं वहिनी." काही म्हणजे काही बदललं नाही. पुढचे काही दिवस त्या भेटल्या की तसंच, काय, कसं काय, थंडी वाढली नाही? मग एका संध्याकाळी फोन आला. आई ‘हो, हो’ म्हणत होती. फोन ठेवून ती ओट्याजवळ उभी राहिली.

"काय म्हणाल्या?" बाबांनी विचारलं.

"यंदा मी काही करायचं नाही म्हणे. दमते मी. पेपर प्लेट्स अन् नॅपकिन्स तेवढे आणायचे."

"बरंच झालं की. तुझा त्रास वाचला."

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दिवाळीचं जेवण रविवारी दुपारी होतं. आईनं सकाळी उठून सांबारवडी केली. मी अलार्मला वारा घातला. बाबा म्हणाले, "अगं, त्यांनी नको म्हटलंय ना?" आई म्हणाली, "दिवाळी आहे. रिकाम्या हातानं काहून जायचं?" तिनं डबा पेपर प्लेट्सच्या गठ्ठ्याखाली धरला आणि आम्ही खाली गेलो. "या या! वहिनी, काय सुंदर साडी!" शुभदाकाकूंनी प्लेट्स घेतल्या. आईनं डबा स्वतःच टेबलावर ठेवला, मटार-पनीर आणि पुऱ्यांच्या मध्ये, आणि झाकण उघडलं. मग दरवर्षीसारखी ती वाढायला उभी राहिली. तिनं वरणाचा डाव हातात घेतला तेवढ्यात शुभदाकाकू आल्या आणि तिच्या हातातून डाव अलगद काढून घेतला. "अहो, तुम्ही बसा ना. आज तुम्ही पाहुण्या." हसत. आणि तो डाव त्यांनी लगेच वरणात घातला नाही. सिंककडे नेला, धुतला आणि मग घातला. मी ते पाहिलं. आईनंही पाहिलं. बाबांनी पाहिलं की नाही, ते मी आयुष्यभर ठरवू शकले नाही.

आई भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली. तिनंच आणलेली एक रिकामी प्लेट तिच्या मांडीवर होती. माणसं वाढून घेत होती, हसत होती, एकमेकांना आग्रह करत होती, "घ्या हो, एक तरी घ्या, अहो लाजता काय." आपल्याकडे जेवणाच्या जागी माणूस रिकामी ताटली घेऊन बसलं तर परकासुद्धा येऊन विचारतो. त्या खोलीत सगळे मराठी होते, आणि तिला कुणी विचारलं नाही. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, आई, मी आणते. ती म्हणाली, "थांब." थोड्या वेळानं मी टेबलाकडे पाहिलं तर डबा तिथे नव्हता. झाकण लावून तो खाली ठेवला होता, कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांजवळ. पलीकडे बाबा दोन-तीन काकांबरोबर उभे होते. त्यांच्या प्लेटमध्ये श्रीखंड-पुरी होती आणि ते कुठल्याशा विनोदावर हसत होते. आई उठली, वाकून डबा उचलला आणि म्हणाली, "चल."

लिफ्टचं दार बंद होत असताना सुन आयी आत शिरली, हातात बाजाराची पिशवी. आमच्या साड्या-ड्रेस बघून तिनं मान डोलावली आणि नेहमीसारखं म्हणाली, "छर् ला मा?"

आई म्हणाली, "मेय छर्."

नाही जेवले. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं, म्हणजे उत्तर म्हणून शिकवलं नव्हतं. वहीत ‘नाही’चे प्रकार लिहून घेताना ते तिच्या कानावर पडलं असेल. सुन आयीला आधी वाटलं की आई चुकली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही, चुकली नाही. तेव्हा तिनं तेच शब्द परत उच्चारले, "मेय छर्?" आणि आता त्यात नमस्कार नव्हता. आता तो प्रश्न होता. मजला आल्यावर तिनं आईचं मनगट धरलं आणि आपल्या दारात नेलं.

तिनं दोन अंडी फोडली, दोन टोमॅटो चिरले आणि त्यात शेवयांसारखे जाड नूडल्स शिजवले. आईला काड्यांनी खाता येईना म्हणून काटा दिला. आईनं एक वाडगा संपवला आणि सुन आयीनं न विचारता दुसरा भरला, तोही तिनं संपवला. ती रडली नाही. अशा ठिकाणी लिहिणारे रडवतात, पण ती नुसती जेवत होती, दिवसभराचं उन्हातलं काम करून आलेलं माणूस जेवतं तशी. मग सुन आयीनं डब्याकडे बोट केलं, उघडला, वास घेतला आणि कोथिंबीर ओळखून आनंदानं तिचं चिनी नाव घेतलं. एक वडी खाल्ली. दुसरी खाल्ली. "हाओ छर्!" फार छान. आणि आई सवयीनं म्हणून गेली, "नाली, नाली." मग दोघी हसल्या.

तेवढ्यात बाबा आले. दार उघडंच होतं. ते उंबऱ्यात उभे राहिले. "इथे काय करताय तुम्ही? मी खाली शोधतोय."

आईनं मान वर केली. "तुम्ही जेवलात?"

"हो, जेवलो ना. सगळ्यांबरोबर."

"काय काय होतं?"

"असं काय विचारतेस?"

"विचारून राहिली. मला माहीत नाही ना, काय काय होतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, सुन आयीकडे पाहिलं, आणि कसनुसं हसून इंग्रजीत ‘सॉरी’ म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि मग बोलले. "लिफ्टमध्ये तू नुसती मान हलवली असतीस तरी चाललं असतं. ती पोरगी लहान आहे, तिला कळत नाही. तुला कळायला हवं होतं."

"तिनं मला जय भीम केला," आई म्हणाली. "मी काय गुड मॉर्निंग म्हणायचं होतं?"

"तसं नाही गं. जागा बघावी लागते."

"मी जागाच पाहिली आज. पिशव्यांजवळ होती."

बाबा पलंगावर बसले. बूट काढले नाहीत. म्हणाले, "मला माणसं हवीत गं. चार मराठी माणसं. यात माझं काय चुकलं?" चुकलं काही नाही, असं म्हणायला गेले की मला तो डाव आठवतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुन आयीचा मुलगा आला. टाय सैल केलेला, थकलेला, सभ्य. म्हणाला, आई सांगत होती की तुमच्या घरी जेवायला नव्हतं, सगळं ठीक आहे ना, काही मदत हवी का? बाबांचे कान लाल झाले. ते म्हणाले, नो नो, लँग्वेज प्रॉब्लेम, माय वाइफ मिसअंडरस्टूड. मुलगा हसला. म्हणाला, हो, ते फक्त ग्रीटिंग असतं, उत्तर नेहमी ‘हो’च द्यायचं. आई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. तिला सगळं ऐकू आलं. त्या दिवसानंतर ती सुन आयीला पुन्हा ‘छर् ला’च म्हणू लागली, जेवली असो नसो. सुन आयी मात्र उत्तर ऐकून तिच्या चेहऱ्याकडे क्षणभर बघून घ्यायची.

बाबा पुढचे काही महिने एकटेच मंडळींत जात राहिले. मग त्यांनाही बोलावणी येईनाशी झाली. कुणी भांडलं नाही, कुणी काही म्हटलं नाही, लिफ्टमध्ये ‘काय, कसं काय’ चालूच होतं. वर्षभरात बाबांनी ओहायोत, डब्लिनला, नोकरी घेतली. निघायच्या दिवशी सुन आयी दारात उभी राहिली आणि निघणाऱ्याला म्हणायचं तेच म्हणाली, मान झौ, सावकाश जा. आईनं तिचे दोन्ही हात धरले. डब्लिनहून आईनं दोन-तीनदा फोन केला. पण दारातलं बोलणं फोनवर चालत नाही. जेवलीस? जेवले, तू? जेवले. मग दोघी गप्प, आणि मिनिटांचं बिल वाढतंय. फोन बंद झाले. पुढे ती चीनला परत गेली की आणखी कुठे, हे मला कधीच कळलं नाही.

डब्लिनला पहिल्याच आठवड्यात एका मराठी गृहस्थांनी बाबांना विचारलं, कुठले वानखेडे. आई शेजारी उभी होती. बाबांनी एक उत्तर दिलं. ते खोटं होतं, आणि ते मी इथे लिहिणार नाही, कारण त्यात दुसऱ्या एका जातीचं नाव आहे आणि त्या लोकांचा यात काही दोष नाही. आई घरी आली, तिनं बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये दारासमोर लावला आणि म्हणाली, "हा आता हलणार नाही." बाबांनी हलवला नाही. त्यांनी घरी कुणाला बोलावणं बंद केलं. डब्लिनच्या मोठ्या घरात पुढे आमच्याकडे मराठी पाहुणा आला नाही. आणि आईनं घराबाहेर मराठी बोलणं सोडलं. किराणा दुकानात कुणी बाई आमचं बोलणं ऐकून धावत यायची, "अय्या, मराठी का? कुठले तुम्ही?" आणि नववीच्या मुलींना मराठी व्याकरण शिकवलेली माझी आई तिच्याकडे बघून म्हणायची, "सॉरी, नो मराठी." आणि गाडी ढकलत पुढे जायची. मला आधी ते हट्टाचं वाटलं. मग सवय झाली.

बाबा आधी गेले, आई नंतर. तिचं शेवटचं दुखणं लांबलं. हॉस्पिटलात तिला बघायला एक तरुण डॉक्टर यायची, इथेच जन्मलेली, आडनाव मराठी. कागदावर ‘नागपूर’ वाचून ती खूश झाली होती. एका सकाळी ती पलंगाशी वाकली आणि अमेरिकन वळणाच्या, पण नीट जुळवलेल्या मराठीत म्हणाली, "काकू, कसं वाटतंय? खूप दुखतंय का?" रात्रभर आई कण्हत होती, माझा हात तिनं इतका दाबला होता की वळ उठले होते. तिनं त्या मुलीकडे पाहिलं. मग भिंतीकडे मान वळवली आणि म्हणाली, "लिटल."

मुलगी माझ्यामागून कॉरिडॉरमध्ये आली. तिचा चेहरा पडला होता. "शी इज मराठी, राइट?" तिनं विचारलं. "आय प्रॅक्टिस्ड इट विथ माय मॉम. डिड आय से इट राँग?"

"नाही," मी म्हटलं. "अगदी बरोबर बोललीस."